वनौषधींची परीक्षा आणि आपलें कर्तव्य

भर बाजारांत एखादा मनुष्य एकाएकीं ओरडून खालीं कोसळतो. त्याचे हातपाय ताठतात, दांतखीळ बसते, तोंडास फेंस येतो, आणि पाहतां पाहतां त्याच्याभोंवतीं गर्दी जमते. हें दृश्य ज्यानें कधींच पाहिलें नाहीं असा वाचक विरळा. गर्दींतील कोणी तरी धांवत जाऊन कांदा फोडून आणतो, कोणी आपल्या पायांतील वहाण काढून रोग्याच्या नाकाशीं धरतो. एक-दोन मिनिटांत झटका ओसरतो, रोगी दीर्घ श्वास घेऊं लागतो, थोड्या वेळानें डोळे उघडतो, आणि कांदा आणणारा गृहस्थ समाधानानें आपल्या वाटेस लागतो. त्यानें लबाडी केलेली नसते. कांदा नाकाशीं धरला आणि झटका थांबला, हें त्यानें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलेलें असतें. त्याच्या दयाबुद्धीविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं, आणि त्याच्या दृष्टीविषयींही नाहीं. खोटें आहे तें त्याचें अनुमान. कारण अपस्माराचे बहुतेक झटके एक-दोन मिनिटांत आपोआपच थांबतात. कांदा मिळाला नसता तरी तो झटका थांबलाच असता.

आज ज्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे त्याचें सारें मर्म या कांद्यांत सांठविलेलें आहे. अपस्मारावर, म्हणजे ज्यास घरोघर फेपरें किंवा फीट म्हणतात त्या रोगावर, वनस्पतींचे अर्क उपयोगी पडतील काय, याचा शोध देशोदेशींच्या प्रयोगशाळांत चाललेला आहे. वरवर पाहतां हा केवळ शास्त्रज्ञांचा प्रश्न वाटतो. परंतु त्याच्या तळाशीं नीतीचे दोन प्रश्न आहेत. सद्भावनेनें दिलेलें आणि गुण आलेला डोळ्यांनीं पाहिलेलें औषधही पारखून घेण्याचें कर्तव्य आपणांवर आहे काय? आणि असल्यास, ती पारख करतांना मुक्या प्राण्यांस व आजारी मुलांस जी तोशीस पडते, ती समर्थनीय ठरते काय?

अपस्मार हा मोठा मायावी रोग आहे. तो जसा न सांगतां येतो तसा न सांगतां ओसरतो. एखाद्यास एका महिन्यांत दहा झटके येतात आणि पुढच्या महिन्यांत दोनच. कित्येक मुलांचा रोग तर वय वाढेल तसा आपोआप नाहींसा होतो. त्यांतून मनुष्य नवें औषध शोधावयास निघतो तो झटके फार वाढले म्हणजे. आणि फार चढलेली गोष्ट पुढें बहुधा उतरणीसच लागते. अशा वेळीं जें औषध हातीं असेल त्यास यशाचा मान मिळतो. इटलींतील वनस्पतिशास्त्रज्ञ फाबियो कोलोन्ना यानें १५९२ सालच्या आपल्या ग्रंथांत, व्हॅलेरियन नांवाच्या वनस्पतीच्या मुळीनें आपला स्वतःचा अपस्मार बरा झाल्याचें लिहिलें, आणि पुढें कित्येक शतकें युरोपांतील वैद्य ती मुळी या रोगावर देत राहिले. विशेष हें कीं, त्या ग्रंथाच्या ग्रीक नांवाचा अर्थच 'वनस्पतींची कसोटी' असा होतो. ग्रंथकार विद्वान् होता, हेतु निर्मळ होता, साक्ष स्वानुभवाची होती. उणीव एकच राहिली: मुळी न घेतलेला दुसरा कोलोन्ना तुलनेस मिळणें शक्य नव्हतें.

आपल्याकडील परंपरा याहूनही जुनी आहे. चरकसंहितेंत अपस्मारास निदानस्थानांत व चिकित्सास्थानांत स्वतंत्र अध्याय दिलेले आहेत. वात, पित्त, कफ व सन्निपात असे त्याचे चार प्रकार सांगितले आहेत. आणि ब्राह्मी, वेखंड, कोष्ठ व शंखपुष्पी यांनीं सिद्ध केलेलें जुनें तूप त्यावर योजिलेलें आहे. या परंपरेविषयीं आपल्या सुशिक्षित समाजांत दोन पक्ष आढळतात. एक म्हणतो, जें हजारों वर्षें टिकलें तें खोटें कसें असेल? दुसरा म्हणतो, जें हजारों वर्षांपूर्वींचें तें आज खरें कसें असेल? दोन्ही पक्ष मोठ्या आवेशानें भांडतात; परंतु दोघांनींही एक कष्टाचें काम टाळलेलें असतें, आणि तें म्हणजे पाहण्याचें. काळाच्या चाळणींतून ब्राह्मी खालीं पडली नाहीं हें खरें. पण त्याच चाळणींतून कांदा आणि वहाणही खालीं पडलेलीं नाहींत. यावरून ब्राह्मी निरुपयोगी आहे असें मुळींच सिद्ध होत नाहीं. इतकेंच सिद्ध होतें कीं, ती चाळणी या कामास पुरेशी बारीक नाहीं.

मला हा विषय नुसता पुस्तकी वाटत नाहीं, याचें कारण सांगतों. माझ्या एका स्नेह्याच्या मुलीस लहानपणापासून अपस्माराचे झटके येत. फेनिटॉइनच्या गोळ्यांनीं ते थांबले, आणि वर्ष-दीड वर्ष एकही झटका आला नाहीं. पुढें तिच्या लग्नाच्या गोष्टी निघूं लागल्या. आपल्या समाजांत या रोगाची केवढी धास्ती आहे हें सांगावयास नकोच; १९९९ सालीं दुरुस्ति होईपर्यंत हिंदु विवाह कायद्यांतदेखील वारंवार येणारा अपस्मार हा विवाहास प्रतिबंध मानलेला होता. मुलीच्या आईस वाटलें, गोळ्या चालू आहेत तोंवर रोग आहे. कांहीं तरी मुळापासून बरें करणारें द्यावें. तिनें गोळ्या बंद केल्या नाहींत. फक्त त्यांच्या जोडीस शंखपुष्पीचें सरबत सुरू केलें. दोन महिन्यांत मुलगी स्वयंपाकघरांत चुलीपाशीं पडली. दैवयोगानें भाजली नाहीं. डॉक्टरांनीं विचारलें, "आणखी कांहीं औषध देतां काय?" आईनें नाहीं म्हणून सांगितलें. तीही लबाडी नव्हती. पुढें मीं सरबताविषयीं विचारलें तेव्हां ती म्हणाली, "भावोजी, झाडपाला तो, त्याला का कुणी औषध म्हणतं? आणि त्यानं अपाय तरी काय होणार?"

'झाडपाला तो' या शब्दांत आपला केवढा भाबडेपणा भरलेला आहे! कोंकणांतील काजऱ्याच्या बिया झाडपाल्यांतीलच; त्यांतील स्ट्रिक्नीन या विषानें मनुष्यास असे भयंकर झटके येतात कीं त्यांत त्याचा प्राण जावा. काकमारीचीं फळेंही झाडपाल्यांतीलच. त्यांतून निघणारें पिक्रोटॉक्सिन हें द्रव्य प्रयोगशाळेंत प्राण्यांस झटके आणण्यासाठींच वापरतात. जी वनस्पतिसृष्टि झटके आणूं शकते, तिच्यांत ते थांबविण्याचेंही सामर्थ्य असावें हें तर्कास धरून आहे. परंतु ज्यांत सामर्थ्य आहे त्यांत अपायही आहे. झाडपाला निरुपद्रवी आहे असें म्हणणारा मनुष्य नकळत असेंच म्हणत असतो कीं, झाडपाल्यांत कांहीं दम नाहीं. वनौषधींवर ज्याची खरी श्रद्धा आहे त्यानें तिचें भय बाळगलें पाहिजे.

आतां त्या मुलीच्या झटक्याचें खापर शंखपुष्पीवर फोडावें काय? एका मुलीच्या उदाहरणावरून तसें करणें म्हणजे कांद्याचीच चूक उलट दिशेनें करणें होय. झटका आपोआपही परत आला असेल. मुंबईंतील कांहीं संशोधकांपुढें हाच पेंच उभा राहिला होता. फेनिटॉइन घेत असलेल्या दोन रोग्यांचे आटोक्यांत आलेले झटके, शंखपुष्पीचें औषध सुरू केल्यावर पुन्हां उसळले, हें त्यांच्या ध्यानांत आलें. त्यांनीं शंखपुष्पीस दोष दिला नाहीं, कीं योगायोग म्हणून गोष्ट सोडूनही दिली नाहीं. त्यांनीं उंदरांवर प्रयोग केले, आणि १९९२ सालीं त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांतून दोन गोष्टी निघाल्या. शंखपुष्पी व फेनिटॉइन हीं दोन्ही कांहीं दिवस बरोबर दिलीं असतां रक्तांतील फेनिटॉइनचें प्रमाण घटतें आणि त्याचा गुणही कमी होतो. परंतु शंखपुष्पी एकटी दिली असतां तिच्यांतही झटक्यांस आवर घालण्याची कांहीं शक्ति दिसते. म्हणजे भक्तालाही मान खालीं घालावी लागली आणि निंदकालाही. परीक्षा खरी असली म्हणजे ती बहुधा कोणाच्याच बाजूनें पुरी बोलत नाहीं.

अशी परीक्षा करतात कशी, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. पांढऱ्या उंदरांस ठराविक मापानें अर्क पाजतात. मग क्षणभर विजेचा प्रवाह सोडून त्यांस झटका आणतात. त्यांत उंदराचे मागचे पाय ताठ होतात. अर्क दिलेल्या उंदरांचे पाय ताठले नाहींत, तर अर्कांत कांहीं संरक्षक गुण असावा असें समजतात. दुसऱ्या रीतींत एक रासायनिक द्रव्य टोचून झटके आणतात, आणि ते किती वेळानें आले हें मोजतात. शेजारीं तसेच दुसरे उंदीर ठेवलेले असतात. त्यांतील कांहींस ज्या द्रवांत अर्क कालविला तो नुसता द्रवच देतात, आणि कांहींस गुण सिद्ध झालेलें जुनें औषध देतात. अर्कानें उंदीर नुसता गुंगला तर नाहीं ना, हें पाहण्यासाठीं त्यास फिरत्या दांड्यावर बसवितात. गुंगलेला असेल तर तो तोल जाऊन पडतो. ही शेवटची खबरदारी फार महत्त्वाची आहे. बोस्टन येथें ह्यूस्टन मेरिट व ट्रेसी पटनम यांनीं मांजरांवर विजेचे प्रयोग करून १९३८ सालीं फेनिटॉइन जगापुढें ठेवलें. तोंपर्यंत जें गुंगी आणील तेंच झटके थांबवील अशी वैद्यांची समजूत होती, ती त्या औषधानें खोटी ठरविली.

वनस्पतीच्या बाबतींत आणखी एक अडचण मुळांतच असते. शंखपुष्पी म्हणजे कोणती वनस्पति? कोणी एक वेल दाखवितो, कोणी विष्णुक्रांता, आणि केरळांत तर त्या नांवानें गोकर्ण घेतात. ब्राह्मी म्हटली तर जलब्राह्मी घ्यावयाची कीं मंडूकपर्णी, याविषयीं प्रांतोप्रांतीं मतभेद आहे. पाण्यांत काढलेला अर्क वेगळा, मद्यार्कांत काढलेला वेगळा. पावसाळ्यांतील पान वेगळें, उन्हाळ्यांतील वेगळें. अशा स्थितींत एकानें गुण आला म्हणावें आणि दुसऱ्यानें नाहीं म्हणावें, आणि दोघांनींही भिन्न वस्तूंविषयीं बोलावें, असें सहज घडतें. शास्त्र पुढें जें कांहीं करील तें करो. पण आपण काय देत आहों याचें नांव नीट सांगणें, ही सत्यनिष्ठेची पहिली पायरी आहे.

यावर कोणी म्हणेल, पाश्चात्य औषधें तरी सिद्धांतावर उभारलेलीं आहेत. आमच्या वैद्यांचे सिद्धांतच जुने. पण इतिहास या अहंकारासही थारा देत नाहीं. १८५७ सालीं लंडनमध्यें सर चार्ल्स लोकॉक यांनीं पोटॅशियम ब्रोमाइड अपस्मारावर चालतें असें सांगितलें, तें कामवासनेचा व या रोगाचा संबंध आहे या समजुतीवरून. समजूत चुकीची निघाली; औषधाचा गुण मात्र खरा निघाला, आणि पुढें कित्येक वर्षें तेंच मुख्य औषध राहिलें. सिद्धांत जुना असो वा नवा, आपला असो वा परका, तो वकील होऊं शकतो. न्यायाधीश होऊं शकत नाहीं.

आणि न्यायाधीश किती सावध असावा लागतो, याचें एक उदाहरण तर मोठें मनोरंजक आहे. ओंव्याच्या कुळांतील एका वनस्पतीपासून केलिन नांवाचें द्रव्य मिळतें. फ्रान्समध्यें १९६३ सालीं पियेर एमार व त्यांचे सहकारी या केलिनपासून बनविलेलीं नवीं द्रव्यें तपाशीत होते. तीं पाण्यांत विरघळत ना; म्हणून त्यांनीं तीं व्हॅल्प्रोइक अ‍ॅसिड नांवाच्या, १८८२ पासून माहीत असलेल्या, एका द्रवांत विरघळविलीं. परीक्षेंत एकामागून एक द्रव्य झटके थांबवूं लागलें. दुसरा कोणी असता तर त्यानें आनंदानें नगारा वाजविला असता. पण सारींच द्रव्यें उत्तीर्ण होतात हेंच त्यांस संशयास्पद वाटलें. त्यांनीं नुसता द्रव देऊन पाहिला, आणि कळून आलें कीं, गुण त्या द्रवाचाच होता. आज तोच द्रव अपस्मारावरील प्रमुख औषधांत गणला जातो. आणि तो ज्याच्याशीं रासायनिक नातें सांगतो तें अम्ल कोलोन्नाच्या त्या व्हॅलेरियनमध्यें असतें! जी परीक्षा 'नाहीं' असें उत्तर देऊंच शकत नाहीं ती परीक्षा नव्हे. तो सत्कारसमारंभ होय.

येथें प्राण्यांचा प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळून चालणार नाहीं. निरपराध उंदरास झटका आणावयाचा, आणि काम झालें कीं त्यास मारावयाचें, यांत हिंसा नाहीं असें म्हणणें म्हणजे आत्मवंचना आहे. जगांत सुमारें ५ कोटि माणसें अपस्मारानें पीडित आहेत असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. योग्य औषधें मिळाल्यास त्यांतील शेंकडा ७० पर्यंत लोक झटक्यांवांचून जगूं शकतील, परंतु बाकीच्यांस आजचीं औषधें पुरीं पडत नाहींत. त्या उरलेल्यांसाठीं नवें औषध शोधतांना ही हिंसा आजमितीस पूर्णपणें टाळतां येत नाहीं, असें मला दुःखानें मान्य करावें लागतें. परंतु हें मान्य करतांच एक ऋण आपल्या शिरावर येतें. तोच अर्क, त्याच रीतीनें, पुनःपुन्हां उंदरांस पाजून, शेवटीं 'यावरून परंपरागत उपयोगास पुष्टि मिळते' एवढें वाक्य लिहून स्वस्थ बसावयाचें, मोजमाप ढिलें ठेवावयाचें, प्रतिकूल निष्कर्ष पेटींत टाकावयाचे, आणि रोग्यापर्यंत मात्र कांहींच पोहोंचवावयाचें नाहीं, ही गोष्ट केवळ अशास्त्रीय नव्हे, ती अनीतीची आहे. ज्या यातनेंतून ज्ञान निघालें ती कदाचित् क्षम्य ठरेल. ज्या यातनेंतून केवळ एक प्रबंध निघाला ती कशानें क्षम्य ठरावी?

उंदरावर ठरलेली गोष्ट मनुष्यावर ठरेलच असें नाहीं. म्हणून शेवटची परीक्षा माणसांवरच करावी लागते. भांगेच्या झाडाचा इतिहास या दृष्टीनें बोधप्रद आहे. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजांतील अध्यापक विल्यम ओशॉनेसी यांनीं १८३९ सालीं गांज्याच्या अर्कांविषयीं निबंध प्रसिद्ध केला. त्यांनीं आधीं कुत्र्यांवर व इतर प्राण्यांवर प्रयोग केले, मग रोग्यांस अर्क दिला. त्यांत झटके येणारें ४० दिवसांचें एक अर्भकही होतें, आणि तें बरें झालें. परंतु एक अर्भक म्हणजे एकच साक्ष. पुढें त्या झाडांतील, नशा न आणणारें, कॅनाबिडिओल नांवाचें एक द्रव्य वेगळें झालें. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षेंत, ड्रॅव्हे नांवाचा असाध्य अपस्मार असलेल्या १२० मुलांचे व तरुणांचे दोन गट करण्यांत आले. एका गटास हें औषध दिलें, दुसऱ्यास दिसण्यांत तसेंच पण औषध नसलेलें द्रावण. कोणास काय मिळालें हें आईबापांसही ठाऊक नव्हतें आणि डॉक्टरांसही. औषध मिळालेल्यांपैकीं शेंकडा ४३ जणांचे झटके निम्म्यानें किंवा त्याहून अधिक कमी झाले. पोकळ द्रावण मिळालेल्यांपैकीं शेंकडा २७ जणांचेही तसेच कमी झाले!

या २७ वर वाचकांनीं क्षणभर थांबावें. हा आंकडा म्हणजे तोच बाजारांतील कांदा होय. या मुलांच्या आयांनीं गुण आल्याचें सांगितलें तें खोटें नव्हतें. पण द्रावणांत कांहीं नव्हतें. दुसऱ्या गटाचा पडताळा नसता, तर भांगेच्या औषधास त्याच्या वांट्याहून कितीतरी अधिक श्रेय मिळालें असतें, आणि उद्यां एखाद्या निरुपयोगी पाल्यासही तितकेंच मिळालें असतें. आजारी लेंकरास पोकळ द्रावण देणें क्रूर नव्हे काय, असा प्रश्न कोणासही पडेल. पण त्या मुलांचीं आधींचीं औषधें बंद केलेलीं नव्हतीं. आईबापांनीं सर्व समजून संमति दिलेली होती. आणि मुख्य म्हणजे, नवें औषध हितकर आहे कीं अहितकर हें त्या दिवशीं कोणासच माहीत नव्हतें. त्या औषधानें कित्येकांस गुंगी आली, अतिसार झाला, यकृतावर ताण पडला. जें ठाऊक नाहीं तें ठाऊक नाहीं असें स्पष्ट सांगून दिलेल्या पोकळ द्रावणांत मला जितका प्रामाणिकपणा दिसतो, तितका 'हमखास गुण' म्हणून विकलेल्या पुडींत दिसत नाहीं. जून २०१८ मध्यें अमेरिकेनें या औषधास मान्यता दिली. कलकत्त्याच्या अर्भकापासून येथवर येण्यास पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ लोटला होता.

मान्यता मिळाली म्हणजे परीक्षा संपली असेंही नाहीं. फ्रान्समधील त्या व्हॅल्प्रोइक अ‍ॅसिडानें असंख्यांचे झटके थांबविले. पण तेंच औषध गर्भवतीनें घेतलें असतां सुमारें दहांतील एका मुलांत जन्मतः व्यंग आढळतें, आणि अनेकांच्या बुद्धीच्या वाढीसही बाध येतो. हें सर्व उघड होऊन कडक निर्बंध येईपर्यंत अनेक दशकें गेलीं, आणि त्या विलंबाची किंमत ज्यांस बोलतां येत नव्हतें अशा अर्भकांनीं दिली. तेव्हां कसोटी ही एकदां ओलांडावयाची चौकट नव्हे. तें आयुष्यभर पाळावयाचें व्रत आहे, आणि तें प्रयोगशाळेंतील औषधास जितकें लागू आहे तितकेंच आजीबाईच्या बटव्यासही.

माझ्या स्नेह्याच्या घरीं पुढें सरबत बंद झालें. मुलगी आतां बरी आहे. यावरून मी कांहींच सिद्ध करीत नाहीं. पण तिची आई आतां डॉक्टरांपुढें सर्व सांगते, झाडपाला धरून सर्व; आणि मला वाटतें, वनस्पतीचा याहून मोठा मान कोणता? जिला आपण औषध म्हणून मोजूं लागतों, तिलाच आपण खऱ्या अर्थानें मानूं लागतों.

शेवटीं पुन्हां त्या बाजारांतील गर्दीकडे वळूं. कोसळलेल्या माणसासाठीं करावयाचें तें फार थोडें आहे. आसपासच्या टोंकदार वस्तु दूर साराव्या, डोक्याखालीं कांहीं मऊ ठेवावें, गळ्याशीं आवळलेलें सैल करावें, शक्य होतांच त्यास कुशीवर वळवावें, तोंडांत कांहींही घालूं नये, आणि घड्याळ पाहावें. पांच मिनिटांत झटका थांबला नाहीं तर विनाविलंब रुग्णालयांत न्यावें. घड्याळ पाहत जवळ बसून राहणें हें कांदा आणण्यासाठीं धांवण्यापेक्षां कठीण आहे. त्यांत आपल्या दयेचें प्रदर्शन होत नाहीं, कीं श्रेयही पदरांत पडत नाहीं. परंतु झटके आपोआप थांबतात, हें आपणांस कळलें तें कोणी तरी एकदां कांदा बाजूस ठेवून घड्याळ पाहिलें म्हणूनच.